हेवीवेट जगज्जेतेपद : ठोशांचा आणि संधीचा इतिहास

व्यावसायिक मुष्टियुद्धात, म्हणजे मानधन घेऊन लढल्या जाणाऱ्या बॉक्सिंगमध्ये, जगज्जेता ठरवण्याची पद्धत इतर बहुतेक खेळांपेक्षा मुळातच वेगळी आहे. ऑलिंपिकमध्ये सोडत काढून बाद पद्धतीने सामने होतात आणि शेवटी उरलेला स्पर्धक सुवर्णपदकाचा मानकरी ठरतो. महाराष्ट्र केसरीची गदाही अशाच स्पर्धेतून मिळते. व्यावसायिक मुष्टियुद्धात किताब एका माणसाकडे असतो, तो त्याला रिंगमध्ये हरवूनच मिळवावा लागतो, आणि त्याला आव्हान देण्याची संधी कोणाला द्यायची हे तो स्वतः, त्याचा व्यवस्थापक, लढतीत पैसा गुंतवणारा प्रमोटर आणि किताबाला मान्यता देणाऱ्या संस्था मिळून ठरवतात. त्यामुळे या खेळाच्या, विशेषतः त्यातल्या सर्वांत वरच्या म्हणजे हेवीवेट वजनगटाच्या इतिहासात झालेल्या लढतींइतकेच महत्त्व होऊ न दिलेल्या लढतींना आहे.

आजच्या खेळाचा साचा इंग्लंडमध्ये 1867 साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबरी नियमांनी घडवला. हे नियम जॉन ग्रॅहम चेंबर्स याने तयार केले होते. त्यांना नाव मिळाले ते पुरस्कर्ता असलेल्या क्वीन्सबरीच्या उमरावाचे. त्यापूर्वीच्या मुष्टियुद्धात हातमोजे नसत, प्रतिस्पर्ध्याला कवळ घालून आपटण्याची मुभा असे आणि फेरीला ठरावीक वेळ नसे; एक गडी जमिनीवर पडला की फेरी संपली असे मानले जाई. नव्या नियमांनी हातमोजे सक्तीचे केले, तीन मिनिटांची फेरी आणि मध्ये एक मिनिटाची विश्रांती ठरवली, कुस्तीचे डाव बंद केले आणि खाली पडलेल्याला उठण्यासाठी दहा सेकंदांची मुदत दिली. दहा अंक मोजून होईपर्यंत जो उठत नाही तो हरला, यालाच नॉकआउट म्हणतात. दोन्ही पद्धती काही काळ शेजारी शेजारी चालल्या. 8 जुलै 1889 रोजी मिसिसिपी राज्यातल्या रिचबर्ग येथे जॉन एल. सुलिव्हन आणि जेक किलरेन हे उघड्या मुठींनी 75 फेऱ्या, म्हणजे भर उन्हात दोन तासांहून अधिक काळ लढले आणि सुलिव्हन जिंकला. उघड्या मुठींनी झालेली हेवीवेट अजिंक्यपदाची ही शेवटची लढत होय. तीन वर्षांनी न्यू ऑर्लिन्समध्ये, हातमोजे घालून, जेम्स कॉर्बेटने त्याला 21व्या फेरीत गारद केले. कॉर्बेट ताकदीने सुलिव्हनपेक्षा कमी होता, पण त्याचे पाय हलके होते, आणि नव्या नियमांत हलक्या पायांना किंमत आली होती.

सुलिव्हनने आणखी एक पायंडा पाडला आणि तो मात्र खेळाला पुढे अनेक दशके भोवला. आपण कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्याशी लढणार नाही, असे त्याने उघडपणे जाहीर केले होते. पीटर जॅक्सन हा त्या काळातला अत्यंत कसलेला कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा, पण त्याला अजिंक्यपदाची लढत कधीच मिळाली नाही. असा कोणताही लेखी नियम नव्हता आणि तशी गरजही नव्हती, कारण विजेत्याने नकार दिला की विषय संपत असे.

ही भिंत पहिल्यांदा ओलांडली ती टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन येथे जन्मलेल्या जॅक जॉन्सनने. तत्कालीन विजेता टॉमी बर्न्स याने जॉन्सनशी लढण्यासाठी 30,000 डॉलर मागितले, ही रक्कम त्या काळी अवाच्या सवा होती, पण ऑस्ट्रेलियातल्या एका प्रमोटरने ती मान्य केली. 26 डिसेंबर 1908 रोजी सिडनीत लढत झाली. जॉन्सनने बर्न्सला इतके बदडले की 14व्या फेरीत पोलिसांना मध्ये पडून ती थांबवावी लागली. जॉन्सनची शैली बचावाची होती. समोरच्याचा ठोसा तो उघड्या पंज्याने अडवी, त्याचे दंड जखडून ठेवी आणि तो चिडून पुढे आला की प्रतिठोसा मारी. गोऱ्या अमेरिकेला त्याचे तंत्र जेवढे खुपले, त्याहून त्याचे वागणे अधिक खुपले, कारण तो हसत हसत लढे, महागड्या मोटारी उडवी आणि गोऱ्या स्त्रियांशी असलेले संबंध लपवीत नसे. 1905 सालीच अपराजित निवृत्त झालेल्या जेम्स जेफ्रीजला परत रिंगमध्ये उतरवण्यासाठी वर्तमानपत्रांनी रान उठवले, आणि शरीर सुटलेल्या या माणसाने कित्येक किलो वजन उतरवून 4 जुलै 1910 रोजी नेव्हाडातल्या रीनो येथे जॉन्सनला तोंड दिले. आयुष्यात कधीही खाली न पडलेला जेफ्रीज त्या दिवशी 15व्या फेरीत वारंवार पडला आणि त्याच्या बाजूच्या माणसांनीच लढत थांबवली. त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली उसळल्या, त्यांत माणसे मेली, आणि मेलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. या लढतीच्या चित्रफितीवर ठिकठिकाणी बंदी आली आणि 1912 साली मुष्टियुद्धाच्या फिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास मनाई करणारा कायदाच अमेरिकेने केला.

पुढे जॉन्सनवर अनैतिक हेतूने स्त्रियांची आंतरराज्य वाहतूक केल्याचा खटला भरून 1913 मध्ये त्याला दोषी ठरवण्यात आले. तो देश सोडून गेला, 5 एप्रिल 1915 रोजी हवाना येथे जेस विलर्डकडून 26व्या फेरीत हरला, आणि 1920 मध्ये परतून त्याने शिक्षा भोगली. त्याच्या मृत्यूनंतर सात दशकांहून अधिक काळाने, 2018 मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला मरणोत्तर माफी दिली. त्याच्यावर अन्याय झाला हे निर्विवाद आहे, तरी विजेतेपदी असताना त्यानेही सॅम लँगफर्ड आणि जो जेनेट या तोडीच्या कृष्णवर्णीय आव्हानवीरांना किताबाची लढत दिली नाही, हेही नोंदवले पाहिजे. गोऱ्या प्रतिस्पर्ध्याशी लढण्यात पैसा जास्त होता आणि धोका कमी. पद्धतच अशी होती की तिच्यात अन्याय सोसलेला माणूसही तिच्याच हिशेबाने वागला.

जॉन्सननंतर 22 वर्षे एकाही कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला हेवीवेट अजिंक्यपदासाठी लढू दिले गेले नाही. याच काळात टेक्स रिकार्ड या प्रमोटरने या खेळाला प्रचंड मोठ्या धंद्याचे रूप दिले. त्याचा हुकमी एक्का होता जॅक डेम्प्सी. 1919 साली टोलीडो येथे डेम्प्सीने आपल्यापेक्षा कितीतरी धिप्पाड असलेल्या विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडले आणि किताब मिळवला. 1921 मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज कार्पेंतिएशी झालेल्या त्याच्या लढतीने तिकीटविक्रीत प्रथमच दहा लाख डॉलरांचा टप्पा ओलांडला. हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय आव्हानवीर मात्र वर्षानुवर्षे ताटकळत राहिला. न्यूयॉर्कच्या क्रीडा अधिकाऱ्यांनी डेम्प्सीने आधी विल्सशी लढावे असा आग्रह धरला, तेव्हा जीन टनीविरुद्धची ठरलेली लढत फिलाडेल्फियाला हलवण्यात आली. तिथे 23 सप्टेंबर 1926 रोजी, एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर, टनीने दहा फेऱ्यांत गुणांवर किताब जिंकला. गुणांवरचा विजय म्हणजे कोणीही नॉकआउट न होता निर्धारित फेऱ्या संपल्यावर पंचांनी प्रत्येक फेरीला दिलेल्या गुणांच्या बेरजेवर ठरलेला विजय.

या दोघांची 22 सप्टेंबर 1927 रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर झालेली परतीची लढत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. खाली पाडलेल्या माणसाच्या डोक्यावर उभे राहायचे आणि तो उठू लागताच पुन्हा हाणायचे, ही डेम्प्सीची जुनी सवय होती. विलर्ड आणि अर्जेंटिनाचा लुईस फिर्पो यांनी ती पुरेपूर अनुभवली होती. म्हणून या लढतीपुरते स्पष्ट ठरले होते की, ज्याने प्रतिस्पर्ध्याला पाडले त्याने तटस्थ कोपऱ्यात जायचे आणि तो तिथे पोहोचेपर्यंत मोजणी सुरू होणार नाही. रिंगच्या चार कोपऱ्यांपैकी दोन लढणाऱ्यांचे असतात, उरलेले दोन तटस्थ. सातव्या फेरीत, गुणांत मागे पडलेल्या डेम्प्सीने टनीला दोरांजवळ गाठले आणि डाव्या-उजव्या ठोशांची सरबत्ती केली. टनी बसकण मारून कोसळला, त्याचा डावा हात दोराला लटकला होता. डेम्प्सी सवयीप्रमाणे तिथेच उभा राहिला. पंच डेव्ह बॅरी याने त्याला हाताने दूर लोटले, तो कोपऱ्याकडे वळेपर्यंत काही सेकंद उलटले, आणि बॅरीने बाहेरच्या वेळरक्षकाची चालू मोजणी बाजूला ठेवून एकपासून सुरुवात केली. टनी ‘नऊ’ला उठला. प्रत्यक्षात सुमारे 14 सेकंद झाले होते. उठल्यावर तो मागे मागे सरकत वर्तुळात फिरत राहिला, पाय थकलेल्या डेम्प्सीला त्याला गाठता आले नाही, आणि दहा फेऱ्यांनंतर टनी गुणांवर जिंकला. आठव्या फेरीत डेम्प्सी क्षणभर खाली गेला तेव्हा मात्र टनी तटस्थ कोपऱ्यात जाण्याची वाट न पाहता बॅरीने लगेच मोजायला सुरुवात केली होती, त्यामुळे ‘लांबलेली मोजणी’ म्हणून गाजलेला या लढतीवरचा वाद आजही मिटलेला नाही. आपण हवे तर आधी उठू शकलो असतो, असे टनी शेवटपर्यंत सांगत राहिला. तरीही नियम लढतीपूर्वी दोघांना माहीत होता आणि ते सेकंद डेम्प्सीने स्वतःच्या सवयीपायी गमावले, हे नाकारता येत नाही.

जॉन्सननंतर दार उघडले ते जो लुईससाठी, आणि तेही मोठा हिशेब करून. अलाबामात जन्मलेल्या आणि डेट्रॉइटमध्ये वाढलेल्या लुईसच्या व्यवस्थापकांनी त्याला वागण्याचे कडक नियम घालून दिले होते. गोऱ्या स्त्रीसोबत छायाचित्र काढायचे नाही, हरलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे आनंद दाखवायचा नाही. जॉन्सनची आठवण पुसल्याशिवाय लुईसला संधी मिळणार नाही, हे ते ओळखून होते. 19 जून 1936 रोजी जर्मनीच्या माक्स श्मेलिंगने त्याला 12व्या फेरीत नॉकआउट केले. श्मेलिंगने त्याच्या लढतींचा बारकाईने अभ्यास केला होता. डाव्या हाताचा जॅब, म्हणजे अंतर राखण्यासाठी सरळ मारलेला चटकन ठोसा, मारल्यावर लुईसचा तो हात खाली येतो आणि जबड्याची डावी बाजू उघडी पडते, हे त्याने हेरले होते. त्या फटीतून त्याने उजव्या हाताचे ठोसे मारले. या विजयाने किताबाच्या लढतीवर श्मेलिंगचा हक्क पोहोचत होता आणि विजेता जेम्स ब्रॅडक याच्याशी त्याचा करारही झाला होता. लढत मात्र लुईसला मिळाली. नाझी जर्मनीवरील बहिष्काराची चळवळ हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण रोकडे होते, ते असे की हेवीवेट अजिंक्यपदाच्या लढतींतून प्रमोटर माइक जेकब्सला होणाऱ्या नफ्याचा दहा टक्के वाटा पुढची दहा वर्षे ब्रॅडकच्या बाजूला मिळणार होता. 22 जून 1937 रोजी शिकागोत लुईसने ब्रॅडकला आठव्या फेरीत नॉकआउट केले. म्हणजे वर्णभेदाचा इतका जुना बांध फुटला तो एका जर्मन आव्हानवीराचा करार मोडून आणि टक्केवारी ठरवून.

बरोबर एका वर्षाने, 22 जून 1938 रोजी, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर लुईस आणि श्मेलिंग पुन्हा समोरासमोर आले. लढत 2 मिनिटे 4 सेकंदांत संपली. बरगडीखाली मागच्या अंगाला बसलेल्या एका ठोशाने श्मेलिंगच्या मणक्याला इजा झाली, तो तीनदा पडला. अमेरिकेत ही लढत लोकशाही विरुद्ध नाझी सत्ता अशा रूपात गाजवली गेली. पण श्मेलिंग नाझी नव्हता. त्याचा व्यवस्थापक ज्यू होता आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा त्याने आपल्या ओळखीच्या एका ज्यू कुटुंबातल्या दोन मुलांना स्वतःच्या खोलीत लपवले होते. लुईसने जवळपास बारा वर्षे किताब राखला आणि 25 वेळा तो यशस्वीपणे वाचवला. हा विक्रम हेवीवेट गटात अजून अबाधित आहे. 1942 मध्ये दोन लढतींचे मानधन त्याने नौदल आणि लष्कराच्या मदतनिधीला दिले. त्याच माणसामागे पुढे प्राप्तिकर खात्याचा ससेमिरा लागला आणि कर्ज फेडण्यासाठी त्याला निवृत्तीनंतर परत लढावे लागले. ऑक्टोबर 1951 मध्ये रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकले. मार्सियानो पुढे विजेता झाला आणि 49 पैकी 49 लढती जिंकून 1956 मध्ये निवृत्त झाला. असे निष्कलंक खाते घेऊन निवृत्त झालेला दुसरा हेवीवेट जगज्जेता नाही.

किताब रिंगमध्येच गमवायचा असतो, या तत्त्वाला सर्वांत मोठा धक्का मुहम्मद अलीच्या बाबतीत बसला. 1960 च्या रोम ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता कॅशियस क्ले याने 25 फेब्रुवारी 1964 रोजी मायामी बीच येथे सॉनी लिस्टनला हरवले. सातव्या फेरीसाठी लिस्टन खुर्चीवरून उठलाच नाही. त्यानंतर क्लेने मुहम्मद अली हे नाव घेतले. व्हिएतनाम युद्ध चालू असताना, 28 एप्रिल 1967 रोजी, ह्यूस्टनमध्ये त्याने सैन्यात भरती होण्यास नकार दिला, आणि अजून आरोपपत्रही दाखल झाले नसताना त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने त्याचा परवाना निलंबित करून किताबाची मान्यता काढून घेतली. इतर संस्थांनी तोच कित्ता गिरवला. ऐन भरातली साडेतीन वर्षे तो लढू शकला नाही. ऑक्टोबर 1970 मध्ये तो परतला तो अटलांटात, कारण जॉर्जिया राज्यात परवाना नाकारू शकेल असा राज्यस्तरीय आयोगच नव्हता. 1971 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, भरती नाकारल्याबद्दल झालेली त्याची शिक्षा एकमताने रद्द केली, पण गेलेली वर्षे कोणत्याही न्यायालयाला परत देता आली नाहीत.

या बंदीच्या काळात किताब जो फ्रेझरकडे गेला होता. 8 मार्च 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन अपराजित माणसे, एक किताब न हरलेला आणि एक किताबधारी, प्रत्येकी 25 लाख डॉलर घेऊन लढली. 15व्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या हुकने, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने, अली पाठीवर आपटला. तो उठला खरा, पण गुणांवर हरला. अलीच्या मोठेपणाला या वैरात एक डाग लागला आहे. बंदीच्या दिवसांत आपली बाजू घेणाऱ्या फ्रेझरला त्याने गोऱ्यांचा हस्तक म्हणून आणि पुढे त्याहून हीन शब्दांत हिणवले, आणि फ्रेझरने ते मरेपर्यंत विसरले नाही.

1973 मध्ये जॉर्ज फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडून किताब घेतला होता, त्यामुळे झैरेची राजधानी किन्शासा येथे 30 ऑक्टोबर 1974 रोजी 32 वर्षांचा अली 25 वर्षांच्या फोरमनपुढे उभा राहिला तेव्हा जाणकारांना अलीच्या जिवाची काळजी वाटत होती. प्रमोटर डॉन किंगने दोघांना प्रत्येकी 50 लाख डॉलर देण्याचे कबूल केले होते आणि तो पैसा मोबुटूच्या हुकूमशाही राजवटीने पुरवला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी लढत तिथल्या पहाटे चारच्या सुमारास सुरू झाली. पहिल्या फेरीत अलीने उजव्या हाताचे थेट ठोसे मारले, ते लागलेही, पण फोरमनने रिंग लहान करत त्याला कोपऱ्यात कोंडण्याची युक्ती साधली होती आणि असे पळत राहिलो तर आपणच दमू हे अलीच्या ध्यानात आले. दुसऱ्या फेरीपासून तो दोरांना टेकला. दोन्ही हात तोंडाशी, कोपरे बरगड्यांवर, धड मागे झुकवून डोके आवाक्याबाहेर. फोरमनचे बहुतेक ठोसे दंडांवर बसत होते आणि त्यांचा जोर सैल दोरांत विरत होता. प्रत्येक फेरीच्या शेवटी अली अचानक पुढे येऊन दोन-चार नेमके ठोसे ठेवून देई. बहुतेक प्रतिस्पर्ध्यांना पहिल्या काही फेऱ्यांतच संपवलेल्या फोरमनला दीर्घ लढतीची सवयच राहिली नव्हती. आठव्या फेरीच्या अखेरीस अलीने दोरांवरून उसळून डाव्यापाठोपाठ उजवा ठोसा तोंडावर मारला, फोरमन गिरकी घेत कोसळला आणि दहाच्या मोजणीत उठू शकला नाही. आयोगांनी कागदावर काढून घेतलेला किताब अलीने अशा रीतीने रिंगमध्ये परत मिळवला.

1 ऑक्टोबर 1975 रोजी मनिलाजवळ झालेली अली आणि फ्रेझर यांची तिसरी लढत अनेक अभ्यासक सर्वश्रेष्ठ मानतात. ती श्रेष्ठ असेल, पण तिची किंमतही तेवढीच जबर होती. 14 फेऱ्यांनंतर फ्रेझरचा उजवा डोळा पूर्ण मिटला होता, डाव्या डोळ्याची नजर आधीच अधू होती, आणि समोरून येणारा ठोसा त्याला दिसत नव्हता. त्याचा प्रशिक्षक एडी फच याने, फ्रेझरचा विरोध न जुमानता, त्याला शेवटच्या फेरीसाठी उठू दिले नाही. या खेळाच्या इतिहासातल्या थोर निर्णयांत हा निर्णय गणला पाहिजे. असा निर्णय अलीच्या बाजूने वेळेत कोणी घेतला नाही. तो 1981 पर्यंत लढत राहिला आणि 1984 मध्ये त्याला पार्किन्सनसदृश आजाराचे निदान झाले. नोव्हेंबर 1982 मध्ये, हलक्या वजनगटातल्या किताबाच्या लढतीत, कोरियाचा किम डुक-कू हा 14व्या फेरीत कोसळला आणि चार दिवसांनी मरण पावला. त्यानंतर प्रमुख संस्थांनी एकेक करून अजिंक्यपदाच्या लढती 15 वरून 12 फेऱ्यांवर आणल्या.

या संस्थांचा कारभार मात्र खेळाला मारकच ठरला. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार संस्था आपापला जगज्जेता जाहीर करू लागल्या, प्रत्येकीचा पट्टा वेगळा, मानांकन वेगळे आणि लढतीमागे शुल्क वेगळे. 20 व्या वर्षी सर्वांत तरुण हेवीवेट विजेता झालेल्या माइक टायसनने 1987 पर्यंत त्या वेळचे तिन्ही मुख्य किताब एकत्र केले होते. 11 फेब्रुवारी 1990 रोजी टोकियोत, 42 ला 1 असा सट्ट्याचा भाव असलेल्या जेम्स डग्लसने त्याला दहाव्या फेरीत नॉकआउट केले, तेव्हा आठव्या फेरीत डग्लस पडला असताना मोजणी लांबली होती असा आक्षेप टायसनच्या बाजूने घेण्यात आला आणि दोन संस्थांनी डग्लसची मान्यता काही काळ रोखूनही धरली. रिंगमध्ये सर्वांदेखत लागलेला निकाल बंद खोलीत फिरवण्याचा हा प्रयत्न लोकांच्या संतापापुढे काही दिवसांत बारगळला.

चारही पट्टे एका हेवीवेटकडे येण्यासाठी पुढे कित्येक वर्षे जावी लागली. 18 मे 2024 रोजी रियाध येथे युक्रेनच्या ओलेक्सांदर उसिकने ब्रिटनच्या टायसन फ्यूरीला विभागलेल्या निर्णयाने, म्हणजे तीनपैकी दोन पंचांच्या गुणांवर, हरवून ते साधले. जूनच्या अखेरीस, आयबीएफने नेमलेल्या आव्हानवीराऐवजी फ्यूरीशी परतीची लढत ठरलेली असल्यामुळे, त्याने त्या संस्थेचा पट्टा सोडला आणि तो पट्टा उसिकला रिंगमध्ये न हरवताच डॅनियल ड्युबॉइसकडे गेला. तो परत मिळवून पुन्हा एकमेव जगज्जेता होण्यासाठी उसिकला जुलै 2025 मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ड्युबॉइसला पाचव्या फेरीत नॉकआउट करावे लागले.